प्रवेश झाला, पदवीचे काय?

(संस्थेच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात शिक्षण समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावी-बारावीच्या गुणवंतांना पुष्पगुच्छ देऊन झाले, फोटो झाले. आता आम्हांस जो विषय देण्यात आला आहे तो आहे उच्च शिक्षणातील विद्यार्थीसंख्या, त्यासाठी मिळणारा पैसा आणि मधूनच होणारी गळती. विषय आकड्यांचा आहे आणि जेवणाची वेळ जवळ आली आहे, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही आज हा विषय घ्यावाच असा समितीचा आग्रह होता. त्याचे कारण साधे आहे. ज्या मुलामुलींच्या गळ्यात आज हार पडले, त्यांतील किती जण तीन किंवा चार वर्षांनी पदवीचा कागद घेऊन याच सभागृहात येतील, हे आज येथे कोणालाही सांगता येणार नाही. आम्हांलाही नाही, शासनालाही नाही.

प्रथम आनंदाची गोष्ट सांगू. केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाची देशव्यापी पाहणी करते. त्या पाहणीच्या २०२१-२२ च्या अहवालाप्रमाणे देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकत होते. त्यांपैकी ६६ लाख २३ हजार अनुसूचित जातींचे होते. २०१४-१५ साली हीच संख्या ४६ लाख ७ हजार होती. म्हणजे सात वर्षांत ४४ टक्के वाढ. एकूण विद्यार्थ्यांची वाढ याच काळात सुमारे २६ टक्के झाली. आपला वेग इतरांपेक्षा जास्त राहिला, ही गोष्ट छाती पुढे काढून सांगण्यासारखी आहे. ज्यांचे आजोबा गावकुसाबाहेर राहून मेलेली ढोरे ओढत होते, त्यांची नातवंडे आज लाखांनी महाविद्यालयाच्या हजेरीपटावर आहेत.

तथापि त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. १८ ते २३ वर्षे वयोगटाच्या लोकसंख्येशी तुलना करता १०० मागे किती जण उच्च शिक्षणात आहेत, त्याला सकल नोंदणी प्रमाण म्हणतात. हे प्रमाण साऱ्या देशाचे २८.४ आहे, अनुसूचित जातींचे २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२. अंतर कमी झाले आहे, मिटलेले नाही.

परंतु खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. हे प्रमाण काय मोजते? त्या वर्षी हजेरीपटावर नाव कोणाचे आहे, एवढेच. एस.टी.च्या स्टँडवर उभे राहून गाडीत किती माणसे चढली ते लिहून घ्यावे आणि मुक्कामाच्या गावी किती उतरली ते कोणी पाहूच नये, तसा हा प्रकार आहे. मधल्या थांब्यावर कोणाला उतरवून दिले, कोण आपणहून उतरला, कोणाचे तिकिटाचे पैसे संपले, याची नोंद या प्रमाणात नाही. गळती म्हणतात ती ही. घरातील माठ गळत असेल तर आपण वरून पाणी ओतीत बसत नाही, आधी तडा कोठे आहे ते शोधतो.

हा तडा शोधण्याचे काम आपल्याकडे कोणी सुरू केले, ते विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी शाळेत किती मुले घातली जातात एवढाच हिशेब मांडला नाही. त्यांनी गळतीचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितले. मग पैशाचा हिशेब. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. जेवढे अबकारीतून घेता निदान तेवढे तरी शिक्षणावर घाला, ही त्यांची मागणी होती. महाविद्यालयीन शिक्षणाचे आकडेही त्यांनी दिले होते. दोन लाख लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे १,००० विद्यार्थी कॉलेजात होते आणि मागासवर्गाच्या रकान्यात शून्य होते. आज ६६ लाख म्हणताना आपण कोठून निघालो ते या शून्यावरून कळते. चौथीतील गळती मोजणारा हा माणूस आज असता तर एफ.वाय., एस.वाय. आणि टी.वाय.च्या तीन वर्गांचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय राहिला नसता.

आणि त्यांना हे कळत होते, कारण त्यांच्या स्वतःच्या शिक्षणातही पैसा संपला होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ साली लंडनला आले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसर, शाहू महाराजांची मदत, मित्र नवल भथेना यांच्याकडून ५ हजार रुपयांचे कर्ज, असे करून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. आजच्या पाहणीच्या तक्त्यात १९१७ सालचे भीमराव आंबेडकर कोणत्या रकान्यात पडले असते? ‘शिक्षण सोडलेले’ या रकान्यात. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी जुळून आल्या. दरवाजा चार वर्षे उघडा राहिला आणि परतीच्या वाटखर्चाला कोणीतरी पैसे दिले. बुद्धी तर होतीच. पण बुद्धी असूनही या दोन गोष्टींवाचून परत न आलेली कितीतरी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

म्हणूनच १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले तेव्हा तेथील वर्ग सकाळी भरत. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलाला पोट भरून शिकता यावे, हा त्यामागचा विचार. वेळापत्रक विद्यार्थ्याच्या पोटाप्रमाणे लावलेले होते. आजच्या कॉलेजांचे वेळापत्रक पाहा. पहिला तास साडेसातला, प्रॅक्टिकल तीन वाजता, मधले चार तास मोकळे. या मुलाने हमाली केव्हा करावी, दुकानात केव्हा उभे राहावे? आणि न केल्यास जेवावे काय? मग हजेरी कमी भरते, आणि शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते. कामाला जावे तर शिष्यवृत्ती जाते, न जावे तर घर बसते.

आता शिष्यवृत्तीकडे वळू. आपला मुख्य आधार तोच आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली आणि १९४४ पासून ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला सवयीने ‘भारत सरकार’ म्हणतो तीच ही. आज येथे बसलेले बँकेतील, एल.आय.सी.तील, रेल्वेतील, शाळा-कॉलेजातील बहुतेक सर्व ज्येष्ठ या एका योजनेवर शिकलेले आहेत. ही शिष्यवृत्ती नसती तर आपला मध्यमवर्ग नसता, असे आम्ही म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या योजनेचे पुढे काय झाले ते फारसे कोणाला ठाऊक नाही. पैशाची वाटणी एका विचित्र नियमाने होत असे. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी राज्यात जेवढा एकूण खर्च झाला असेल, तो पुढच्या पाच वर्षांसाठी राज्याचा बांधील बोजा ठरायचा. केंद्र फक्त त्यावरचा खर्च द्यायचे. मुलांची संख्या वाढत गेली तसा राज्यांचा बोजा वाढत गेला आणि केंद्राचा वाटा आटत गेला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राची मदत साऱ्या देशासाठी वर्षाला सरासरी ११०० कोटी रुपयांच्या आसपास आली होती. राज्ये म्हणत आमच्याकडे पैसा नाही, केंद्र म्हणे नियम पाहा, आणि मधल्या मध्ये कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आपल्या मुलांच्या नावांची थकबाकीची यादी लागे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हा नियम रद्द करून केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असा वाटा ठरवला आणि पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. दहावीनंतर शिक्षण थांबलेल्या १ कोटी ३६ लाख गरीब मुलांना पाच वर्षांत परत आणण्याचा अंदाज त्या वेळी सरकारनेच जाहीर केला. निर्णय चांगला होता. चांगल्यास चांगले म्हटले पाहिजे. तो काही आपोआप झाला नाही, विद्यार्थी संघटनांनी त्यासाठी रस्त्यावर घसा कोरडा केला होता.

पण रक्कम पाहा. २०२१ च्या नियमावलीप्रमाणे साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क वगळून निर्वाहासाठी मिळतात ते वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला ६,००० रुपये आणि घरून येणाऱ्यास ३,००० रुपये. महिन्याला ५०० आणि २५०. यात पुस्तके, झेरॉक्स, प्रवास, मोबाइलचा रिचार्ज, परीक्षेच्या दिवसांतला चहा-वडापाव, सारे आले. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची; ती २०१३ साली ठरली आणि २०२१ च्या नियमावलीतही तशीच राहिली. आई चार घरची धुणीभांडी करते आणि बाप कंत्राटी सिक्युरिटीत आहे, असे घर या मर्यादेच्या बाहेर जाते. त्या घरच्या मुलाला आपल्या राज्यात फ्रीशिप मिळते, म्हणजे फी माफ होते, पण हातात निर्वाहाचा पैसा येत नाही. कागदावर ते सधन ठरलेले असते!

आणि रकमेपेक्षाही वाईट आहे ती वेळ. आमच्या समितीकडे दरवर्षी जी मुले येतात त्यांच्याशी बोलून आमचे ठाम मत झाले आहे की शिष्यवृत्ती कमी आहे म्हणून जितकी मुले गळतात, त्यापेक्षा जास्त ती उशिरा येते म्हणून गळतात. प्रवेशाची तारीख असते जून-जुलैत. परीक्षेचा फॉर्म ऑक्टोबरात. वसतिगृहाची किंवा मेसची अनामत त्याच्याही आधी. आणि शिष्यवृत्तीचा हप्ता केव्हा? वर्ष संपता संपता, कधी पुढचे वर्ष लागल्यावर. या तीन तारखांना घरात रोकड नसली की मुलगा म्हणतो, ‘सर, यंदा गॅप घेतो, पुढच्या वर्षी बघू.’ गॅप म्हणजे काय ते आम्हांस ठाऊक आहे. पहिले दोन महिने तो गावी असतो, मग चुलत्याच्या ओळखीने एखाद्या गोदामात लागतो, मग घरच्यांना त्याच्या पगाराची सवय होते.

हे आम्ही भावनेच्या भरात बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली एक हकीकत सांगतो. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराचा मुलगा आय.आय.टी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाला, धनबादच्या आय.आय.टी.त त्याला जागा मिळाली. जून २०२४ मध्ये १७,५०० रुपये भरायचे होते. बापाने गावातून पैसे गोळा केले, पण मुदत टळली आणि जागा गेली. तो निरनिराळे दरवाजे ठोठावत शेवटी दिल्लीला पोहोचला आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई आय.आय.टी.च्या एका दलित विद्यार्थ्याच्या बाबतीतही ऑनलाइन पैसे भरले न गेल्याने हेच घडले होते आणि तेथेही सर्वोच्च न्यायालयालाच मध्ये पडावे लागले. दोन्ही मुले जिंकली. आपण टाळ्या वाजवल्या. पण एका मुलाच्या फीसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला बसावे लागते, तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात १,२०० रुपयांच्या परीक्षा शुल्कासाठी थांबलेल्या मुलीने कोणत्या न्यायालयात जावे?

नव्या पद्धतीची एक अडचण येथे पालकांसमोर स्पष्ट बोलतो, कोणी मनाला लावून घेऊ नये. पूर्वी शिक्षण शुल्काची रक्कम कॉलेजकडे जात असे. आता केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येतो आणि त्याने तो कॉलेजला भरायचा असतो. मधले दलाल गेले, हे चांगलेच झाले. परंतु ज्या घरात बचत गटाचा हप्ता थकला आहे, आजी दवाखान्यात आहे, तेथे खात्यावर आलेले वीस-पंचवीस हजार दोन दिवसही टिकत नाहीत. मग कॉलेज फी मागते, मुलगा तोंड चुकवतो, वर्गात येणे बंद करतो. ही चोरी नव्हे, ही गरिबी आहे. पण परिणाम तोच. म्हणून खात्यावर आलेला तो पैसा मुलाच्या वर्षाचा आहे, घराचा नव्हे, हे घरात बसून आधीच ठरवावे.

पैशाखेरीज दुसरी कारणे आहेत. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी इंग्रजी पुस्तकापुढे बसतात, दोन-तीन विषय राहतात, ए.टी.के.टी. साचत जाते, आणि नापास झाल्याची शरम ही फीच्या थकबाकीपेक्षा लवकर माणसाला घरी पाठवते. मुलींच्या बाबतीत रस्ता हेच कारण पुष्कळदा असते. शेवटची एस.टी. साडेपाचला, कॉलेज सुटते पाचला, एक दिवस गाडी चुकली की घरात दुसरी चर्चा सुरू होते. एका आईने आम्हांस विचारले, ‘दादा, बी.ए. पूर्ण होईस्तोवर स्थळ थांबेल काय?’ आम्ही म्हटले, ताई, थांबणार नाही असे स्थळ गेलेलेच बरे. ती हसली, पण पोरीचे लग्न त्याच मे महिन्यात झाले. अशी मुलगी कोणत्याही तक्त्यात ‘गळती’ म्हणून येत नाही. तिचे नाव पटावरून कमी होते, एवढेच.

मोठ्या संस्थांत वेगळा प्रकार असतो, तेथे अपमान असतो. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला यांनी १७ जानेवारी २०१६ रोजी प्राण दिले, तेव्हा सात महिन्यांची १ लाख ७५ हजार रुपये फेलोशिप यायची राहिल्याचा उल्लेख त्यांच्या अखेरच्या पत्रात होता. जातीचा छळ आणि अडलेला पैसा हे दोन निराळे विषय नाहीत, हे त्या पत्राने साऱ्या देशाला दाखवले. डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत शिक्षण राज्यमंत्र्यांनी दिलेल्या उत्तराप्रमाणे, आधीच्या पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठांतून अनुसूचित जातींचे २,४२४, अनुसूचित जमातींचे २,६२२ आणि इतर मागासवर्गांचे ४,५९६ विद्यार्थी मध्येच बाहेर पडले. विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते दुसऱ्या संस्थेत किंवा अभ्यासक्रमात जातात, असे सरकारचे म्हणणे होते. काही जात असतीलही. पण किती गेले आणि किती घरी बसले, ही मोजणी केल्याशिवाय त्या खुलाशाला वजन येत नाही. आणि ही झाली केंद्राच्या मोजक्या संस्थांची गोष्ट. आपली बहुसंख्य मुले तेथे नाहीतच. ती आहेत विद्यापीठांशी संलग्न असलेल्या हजारो कॉलेजांत. देशातील दर चार महाविद्यालयांपैकी तिनांहून जास्त खाजगी व्यवस्थापनाची आहेत, आणि आपल्या राज्यात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडल्यापासून फीचा प्रश्न उग्रच होत गेला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच ६ टक्के पुन्हा लिहिले. मधल्या ५४ वर्षांत देश तेथे एकदाही पोहोचला नाही. शासनाचा हात आखडला की फी वाढते, आणि फी वाढली की तडा आमच्याच माठाला जातो.

या नव्या धोरणातील एका कलमाकडे आपले लक्ष वेधतो. पदवी अभ्यासक्रमातून एक वर्षाने बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, अशी सोय आहे. मिळवलेले श्रेयांक बँकेतल्या ठेवीसारखे सात वर्षांपर्यंत जमा राहतात आणि परत येऊन शिक्षण पुरे करता येते. बाबासाहेबांना लंडनने चार वर्षे दिली होती, येथे सात मिळतात, या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. आमची शंका निराळी आहे. ज्याला पैशाअभावी पहिल्या वर्षानंतर जावे लागले त्याच्या हाती प्रमाणपत्र देऊन ‘हा यशस्वीपणे बाहेर पडला’ असे लिहिले, की गळतीचा आकडाच नाहीसा होतो. श्रीमंताचा मुलगा एक वर्ष बाहेर पडेल तो काही नवे करून पाहायला. आमचा पडेल तो वीटभट्टीवर. दोघांची नोंद एकच! म्हणून आमची मागणी अशी आहे की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे कारण आणि सामाजिक प्रवर्ग विद्यापीठाने लिहून घ्यावा आणि दरवर्षी जाहीर करावा. या मागणीचे निवेदन समितीने तयार केले आहे. बाहेरच्या टेबलावर आहे, सह्या कराव्यात.

आता विद्यार्थ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. मूळ कागदपत्रे कॉलेजने अडकवून ठेवायची नसतात. ती पाहून, खात्री करून परत द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये लेखी कळवले आहे. दाखला अडवल्यामुळे दुसरीकडे प्रवेश हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. घाबरू नका, अर्ज लिहा, पोच घ्या. दुसरे, वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून निराश होऊन गावी परतू नका. २०१६-१७ पासून राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि निर्वाहासाठी मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या क्षेत्रात ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असे तिचे स्वरूप ठरले. तिलाही गुणांची आणि उत्पन्नाची अट आहे, आणि तिचाही पैसा वेळेवर येईलच असे नाही. पण अर्जच केला नाही तर उशिरासुद्धा येणार नाही. तिसरे, जातीच्या दाखल्याचे. महाराष्ट्राने १९६० सालीच धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, केंद्राच्या सवलती मिळायला १९९० उजाडले. म्हणून आजही केंद्राच्या कामासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात आणि घरात नुसता राज्याचा असतो. दोन्ही काढून ठेवा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. चौथे, ज्यांचे मध्येच सुटले आहे त्यांच्यासाठी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. नोकरी करता करता, वयाची लाज न बाळगता नाव घालता येते.

राहता राहिला संस्थेचा भाग. आपण दहावी-बारावीचा सत्कार करतो आणि पदवीधरांचा करतो. एफ.वाय. पास होऊन एस.वाय.ला गेलेल्याचा सत्कार कोणी करीत नाही. वस्तुतः सर्वांत धोक्याचा टप्पा तोच आहे. समितीने कार्यकारिणीपुढे दोन ठराव ठेवले आहेत. पहिला, एक नोंदवही. आपल्या वस्तीतील जो मुलगा वा मुलगी बारावीनंतर कोठेही प्रवेश घेईल त्याचे नाव, कॉलेज, वर्ष तीत लिहायचे आणि दर जूनला घरी जाऊन विचारायचे, पुढच्या वर्गात गेला का? नसेल तर का नाही? देशाचे सरकार मोजील तेव्हा मोजील, आपण आपली वस्ती मोजू. दुसरा, हातउसना निधी. देणगी म्हणून नव्हे, बक्षीस म्हणून नव्हे; प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क आणि वसतिगृहाची अनामत या तीन तारखांना विद्यार्थ्याला रक्कम द्यायची आणि शिष्यवृत्ती खात्यावर आली की परत घ्यायची. व्याज नाही, जामीन म्हणून वस्तीतील एका ज्येष्ठाची सही. ज्यांना १९७०-८० च्या काळात ‘भारत सरकार’ मिळाली आणि आज पेन्शन मिळते, अशा बांधवांकडून समिती वर्षातून एका महिन्याच्या पेन्शनचा दहावा हिस्सा मागत आहे. काही जणांनी रक्कम दिली आहे, नावे छापू नका असे सांगून दिली आहे, म्हणून छापत नाही.

काहींची शंका आहे की मुले पैसे परत करणार नाहीत. काही करणार नाहीत. भथेनांनीही ५ हजार दिले तेव्हा त्यांच्या हाती कोठे काय तारण होते!

नोंदवही येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत उघडेल. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे ऑनलाइन अर्जही तेथेच भरून दिले जातील. दोन संगणक आहेत आणि बसणारी मुले याच वस्तीतील पदवीधर आहेत. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, प्रत्येकी दोन झेरॉक्ससह आणाव्यात. ज्यांचे शिक्षण थांबले आहे त्यांनी काहीच कागद नसले तरी यावे.

जयभीम.